आमच्या गल्लीतलं निळं मत

पास्कबाईंनी निबंध परत दिला तो उपडा करून. लिनेट हेपवर्थ तिथंच समजून चुकली. चांगला निबंध कुणी उपडा करून देत नाही.

तिनं तो सरळ केला. वर हिरव्या शाईत दोनच शब्द होते, 'पुन्हा लिहा.' त्याखाली पानभर हिरव्या मुंग्या पसरलेल्या. बाई लाल शाई वापरत नसत, मोठ्या माणसांना लाल शाईनं अपमान वाटतो म्हणे. लिनेटला हिरव्या शाईनंही तेवढाच वाटला.

वर्ग सुटला, बाकीचे खुर्च्या सरकवून गेले. ती बसून राहिली. शेचाळीस वर्षांची बाई, अंगात अजून इस्पितळाच्या धुलाईखान्याचा निळा डगला, हातांना साबणाचा वास. सोळाव्या वर्षी शाळा सुटली होती. दोन वर्षं दर बुधवारी संध्याकाळी बस पकडून ती या कॉलेजात येत होती, कारण विद्यापीठानं तिला इतिहासाच्या पदवीसाठी जागा देऊ केली होती, एका अटीवर. शेवटचा पेपर पास व्हायला हवा. पेपर म्हणजे हा निबंध, आणि पुढच्या गुरुवारी बाहेरच्या परीक्षकासमोर त्याच विषयावर भाषण. विषय होता, १९७९ साली मजूर पक्ष का हरला. स्किनथॉर्पसारख्या खाणीच्या गावात वाढलेल्या बाईला हा विषय म्हणजे डोळे मिटून भाजी चिरण्यासारखा. असं तिला वाटलं होतं.

"बाई, तुमचा जन्म कधीचा?"

"ऐंशीचा," पास्कबाई म्हणाल्या. इमोजेन पास्क, दक्षिणेकडची, बोलताना प्रत्येक शब्द इस्त्री केल्यासारखा. "आता विचारा, चौऱ्याऐंशीला खाणवाल्यांचा संप झाला तेव्हा मी कुठं होते."

"कुठं होतात?"

"दक्षिणेत, सरेमध्ये. तट्टावर बसायला शिकत होते."

"आणि तुम्ही मला संप शिकवणार?"

"छे. संप तुम्हाला येतो. मी परीक्षा शिकवतेय. या, पुढं बसा. हे वाक्य वाचा, तुमचंच आहे."

लिनेटनं वाचलं. "एकोणऐंशीच्या हिवाळ्यात आम्ही मेणबत्तीच्या उजेडात बसलो, दारात कचरा कुजला, मुडदे पुरायचे राहिले, म्हणून सरकार पडलं."

"मेणबत्त्या कुणाच्या राज्यात?"

"मजुरांच्या. कॅलहनच्या."

"हीथच्या. बहात्तर साली आणि मग चौऱ्याहत्तरच्या तोंडावर. सरकार हुजूर पक्षाचं, संप तुमच्या खाणवाल्यांचा, वीज गेली. एकोणऐंशीला दिवे लागत होते, लिनेट. कचरा साचला तो दिव्याखाली साचला. दरवर्षी वर्गातली निम्मी पोरं दोन हिवाळ्यांचा एक करतात."

"मी पोर नाही."

"म्हणूनच मला वाईट वाटलं. पोरं पुस्तक न उघडता चुकतात. तुम्ही स्वतःची आठवण न तपासता चुकलात. आणि हे बघा, 'लोकांनी खाणींच्या मरणाला मत दिलं.' मत दिलं मे एकोणऐंशीमध्ये. खाणी कधी बंद झाल्या?"

"पंच्याऐंशीनंतर."

"मग मत देणाऱ्याला ते दिसलं कसं? दुर्बिणीतून?"

बाईंनी पान उलटलं. "आणि हे सगळ्यात वाईट. 'आमच्या स्किनथॉर्पमध्ये त्या वर्षी हुजूर पक्षाला एकही मत पडलं नाही, आमच्या घरात तर असली गोष्ट स्वप्नातही शक्य नव्हती.' मी फक्त विचारलंय, कशावरून?"

"मी तिथं होते!"

"मतदानाच्या फळीआड?"

"चौदा वर्षांची होते मी, बाई."

"म्हणजे फळीबाहेर होतात," पास्कबाई म्हणाल्या आणि पिशवी उचलली. "परीक्षक कडक आहे. पण तुम्हाला जमेल. नाही तर मी 'पुन्हा लिहा' लिहिलंच नसतं, नुसता नापासाचा शिक्का मारला असता."

लिनेटला राग आला. राग तिला लवकर यायचा आणि त्यात गैर काही नव्हतं. ज्या गावाचं पोट दूरच्या कुणाच्या तरी एका सहीनं कापलं, त्या गावात राग न येणारा माणूस एक तर बहिरा असतो नाही तर मालकाचा मेहुणा. आधी खाण घेतली, मग रेल्वेचा फाटा घेतला, मग बँक गेली, आणि आता ही तट्टावर बसणारी आमची मेणबत्तीही घेऊन चालली!

बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर ती बसली. मे महिन्याचा उजेड अजून शेतांवर होता. तिनं ती मेणबत्ती आठवायला घेतली, मुद्दाम, बाईंना खोटं पाडायला. स्वयंपाकघर. टेबलावर बशीत मेणबत्ती. वडील पत्ते पिसतायत. खिडकीबाहेर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. आणि टेबलाशी ती स्वतः, पायात तपकिरी बूट, चार बोटं उंच टाचेचे, ज्यांच्यासाठी तिनं आईशी महिनाभर भांडण काढलं होतं.

बस वळली आणि लिनेट ताठ बसली.

ते बूट तिला चौदाव्या वर्षी मिळाले होते. आणि त्या टेबलाशी वडिलांच्या मांडीवर चढून ती त्यांचे पत्ते चोरून बघत होती. चौदा वर्षांची, चार बोटं टाचेची घोडी बापाच्या मांडीवर? बापाची मांडी राहिली असती का? मांडीवरची पोर सात-आठ वर्षांची, अनवाणी. बूट दुसऱ्याच हिवाळ्यातले.

धुलाईखान्यात हे रोज व्हायचं. दोन वॉर्डांच्या चादरी एकाच गाठोड्यात यायच्या, आणि न निवडता टाकल्या तर बाळंतिणींच्या चादरी हाडवाल्यांकडे जायच्या. तिचं कामच ते, धुण्याआधी निवडायचं. आणि हिनं आपलं स्वतःचं गाठोडं तीस वर्षं तसंच बांधून ठेवलेलं! ती मोठ्यानं हसली. शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली.

म्हणजे एक चूक खरी. मग दुसऱ्या दोन?

शनिवारी ती गावोगावच्या मतमोजणीचे आकडे बघायला शहरातल्या वाचनालयात गेली. मतदारसंघ तिचाच. मजूर पक्ष जिंकला होता, दणक्यात. पण हुजूर पक्षालाही मतं होती. पाचातलं एक. तिनं डोळे चोळून पुन्हा बघितलं. पाचातलं एक! तीस वर्षं ज्याला विचारावं त्यानं शपथेवर सांगितलेलं, की इथं निळं मत, हुजूर पक्षाच्या रंगाचं, म्हणजे वांझेचं पोर. मग ही पोरं कुणाची?

रविवारी दुपारी सगळं गाव वेलफेअर क्लबात असतं. खाण गेली, पण खाणवाल्यांनी आपल्या पगारातून बांधलेला क्लब राहिला. एका अंगाला डॉमिनो, एका अंगाला बायका, मध्ये बिअरचे ओले गोल. आधी हौजी, मग मांसाची सोडत, मग ज्याच्या त्याच्या घरी भाजलेलं मांस आणि रस्सा. हौजी चालू असताना बोललेलं चालत नाही. एकदा एकजण हौजीत घेरी येऊन पडला, तर लोकांनी आधी त्याचे आकडे तपासले आणि मग नाडी.

या राज्याचा राजा म्हणजे क्लबाचा सेक्रेटरी नॉर्मन ओल्ड्रॉइड. त्याच्या हातात माईक, आणि माईक तो बायकोलाही देत नसे.

"नॉर्मनकाका, हौजी आणि सोडत यांच्यामध्ये मला पाच मिनिटं माईक द्या."

"कशाला गं? लग्न ठरलं काय परत?"

"अभ्यास आहे. मला गावाला एक प्रश्न विचारायचाय."

"तीन मिनिटं. फळीवर डुकराचं मांस ठेवलंय, त्याला अभ्यास कळत नाही."

हौजी संपली. लिनेटनं माईक धरला. समोर आई आणि वडील नेहमीच्या टेबलाला. वडील क्लिफ, छाती अजून दारासारखी रुंद, युनियनच्या शाखेचा जुना खजिनदार. दरवर्षी मिरवणुकीत झेंड्याचा पुढचा बांबू त्याचाच. आई मेव्हिस, हातात हौजीचे आकडे खोडायचा ठसा, केस ताजे वळवलेले.

"मंडळी, एकोणऐंशीच्या हिवाळ्यात मुडदे पडून राहिले होते, आठवतंय?"

"तर! स्मशानाच्या फाटकाशी रांग!" कोपऱ्यातून कुणीतरी.

"कुणाचा मुडदा?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"नाव सांगा एक. स्किनथॉर्पमध्ये न पुरलेल्या एका माणसाचं नाव."

"आमची मिनीआत्या..." एक म्हातारा म्हणाला, मग थांबला. "नाही. ती सत्याहत्तरला गेली. आणि तिला पुरलं होतं. मीच ढेकूळ टाकलं."

"ते लिव्हरपूलला झालं," लिनेट म्हणाली. "आपण टीव्हीवर पाहिलं. आणि तीस वर्षांत हळूहळू आपल्या फाटकाशी आणून ठेवलं."

क्लब हसला. हसणं चांगलं होतं, त्या हसण्यावर स्वार होऊन तिनं दुसरा प्रश्न टाकला. "त्याच वर्षी आपल्या मतदारसंघात पाचातल्या एकानं हुजूर पक्षाला मत दिलं. कुणी?"

आता कुणी हसलं नाही.

नॉर्मननं माईकशिवायच घोषणा केली. "टेकडीवरचे शेतकरी. आणखी कोण!"

"बरोबर. टेकडीवरचे," सगळे म्हणाले.

"काका, टेकडीवर एवढी माणसं नाहीत. मेंढ्या मोजल्या तरी आकडा भरत नाही."

"मग पलीकडच्या गावातले. ते हरामखोरच आहेत."

"पलीकडच्या गावात लोक आपलं नाव घेतात. मी विचारून आले."

"तुझी तीन मिनिटं झाली!"

"मी दिलं," कुणीतरी म्हणालं.

लिनेटला वाटलं, तिला भास झाला. आवाज ओळखीचा होता. फारच ओळखीचा. मेव्हिसनं हौजीचा ठसा टेबलावर ठेवला, टोपण लावलं आणि पुन्हा सांगितलं, "मी दिलं मत त्यांना. एकोणऐंशीला. आता ते तोंड मिट, नॉर्मन, माशी जाईल."

एकच गिल्ला झाला. क्लिफच्या मानेवर लाली चढली ती कानापर्यंत गेली. नॉर्मन ओरडला, "मेव्हिस हेपवर्थ! संपात वर्षभर याच खोलीत तू बटाटे सोललेस! तीनशे माणसांना जेवू घातलंस!"

"घातलं. पाच वर्षांनी. एकोणऐंशीला मला चौऱ्याऐंशी कसं दिसणार? तुला दिसत होतं काय? दिसत असतं तर त्या साली तू घोड्यावर पैसे लावून कोट गहाण टाकला नसतास."

"आई!" लिनेट माईकमध्येच बोलली, त्यामुळं सगळ्या क्लबानं तिची आईला मारलेली हाक ऐकली. "तू मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलं नाहीस. तू सांगायचीस. 'आमच्या घरात असं, आमच्या घरात तसं.' मी म्हटलं, पोरीला एवढं माहीत आहे तर कशाला मध्ये बोला."

"पण का? का दिलंस?"

"इकडं ये. ते भोंग्यात नको."

पण लिनेट हलली नाही आणि क्लब तर हलणारच नव्हता. डुकराचं मांस एकटं पडलं. मेव्हिस उभी राहिली.

"त्या हिवाळ्यात संपावर कोण होतं? खाणवाले? नाही. मी होते. शाळेच्या स्वयंपाकिणी आणि झाडूवाल्या. शाळा बंद झाली आणि ही पोरगी बूट घालून गावभर मिरवली, ती सुट्टी हिला मी दिलेली. आणि पगार कोण वाढवू देत नव्हतं? आपलं सरकार. मजुरांचं. खाणीत जाणारा तो मजूर, आणि मी सहाशे पोरांचा रस्सा ढवळायचे ती कोण? मग त्या शहाण्या कौन्सिलरला मी बारा वर्षं सांगतेय, मला दार पिवळं हवंय. दर खेपेला माणूस हिरव्या रंगाचा डबा घेऊन हजर! सगळ्या गल्लीला हिरवं. म्हणे नियम. आणि हुजूर पक्षाच्या त्या बाईंनी सांगितलं, ज्याला हवं त्यानं कौन्सिलचं भाड्याचं घर विकत घ्यावं. मी म्हटलं, बास. दार माझं होऊ दे. फळीआड गेले आणि निळ्यावर फुली मारली."

"आणि घर घेतलं कुठं आपण?" लिनेट म्हणाली. "अजून कौन्सिलचंच आहे. अजून हिरवं आहे!"

"तुझ्या बापाला विचार."

सगळ्या माना क्लिफकडे वळल्या. क्लिफनं बिअरच्या पेल्यात बघत उत्तर दिलं, "कौन्सिलचं घर सगळ्यांचं असतं. ते विकत घेणं म्हणजे शेजाऱ्याचं उचलणं. मी नाही म्हटलं."

"म्हणजे मत गेलं, पाप लागलं, आणि दार हिरवंच राहिलं," मेव्हिस म्हणाली. "माझ्यासारखी फसलेली मतदार सबंध इंग्लंडात सापडायची नाही." आणि ती स्वतःच आधी हसली. मागून बायका हसल्या. एकीनं टेबलावर थाप मारून सांगितलं, "मेव्हिस, मी लिबरलांना दिलं गं! त्यांचा उमेदवार माझ्या कुत्र्याशी बोलला होता!" दुसरी म्हणाली, "मीही निळ्यालाच. नवऱ्यानं सकाळी हुकूम सोडला, मजुरांना दे. मग कसली देते मी!" तिचा नवरा डॉमिनो हातात घेऊन तसाच बसला, पुतळा.

क्लब पार सुटला. जे तोंड तीस वर्षं शिवलेलं होतं ते रविवारी दुपारी भर गर्दीत उसवलं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. खाण तशीच गेलेली होती, संप तसाच खरा होता, आणि या बायकांनी त्या संपात सोललेल्या बटाट्यांतला एकही कमी झाला नव्हता. गावाबद्दल डोळ्यांत पाणी आणून लिहिणारे शहरी लोक गावाला एकाच तोंडाचं करतात. गावालाही ते गोड लागतं. इथं पन्नास तोंडं होती आणि सगळी एकदम बोलत होती.

एकटा क्लिफ बोलत नव्हता. नॉर्मननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नको, क्लिफ. तुझं लाल मत तरी पेटीत होतं. बरोबरी झाली."

क्लिफनं पेला संपवला. "नव्हतं," तो म्हणाला.

"काय नव्हतं?"

"माझं मत. पेटीत."

आता डॉमिनोवालेही उठून आले.

"दिवसभर गाडी घेऊन फिरत होतो. भोंगा लावून. म्हाताऱ्याकोताऱ्यांना उचलून मतदानाला नेलं. शेवटची राहिली कट्सआजी. म्हणाली, कवळीशिवाय मी बाहेर पडणार नाही, मजुरांना मत द्यायचं तर दात लावून देईन. कवळी सापडेना. पलंग उचलला, कपाट सरकवलं. शेवटी मिळाली कोंबड्यांच्या खुराड्यात, कशी ते देवाला ठाऊक. पोचलो तर शाळेचं दार बंद. तिचंही गेलं, माझंही गेलं. सबंध गावाला मतदान करायला लावलं आणि स्वतःचं विसरलो. तिला शपथ घातली कुणाला सांगू नको. बिचारीनं पाळली, मरेपर्यंत."

मेव्हिस त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडावर काहीतरी उजाडायला लागलं. "थांब. म्हणजे आपल्या घरातून त्या साली एकच मत पडलं..."

"मेव्हिस, नको."

"...आणि ते निळं!"

लोकांनी हसता हसता एकमेकांना धरलं. नॉर्मनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. क्लिफनं आधी डोकं हातांत घेतलं, मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि लिनेट घाबरून पुढं झाली, तर तो हसत होता, आवाज न करता, पोट धरून. मेव्हिसनं त्याच्या टकलावर चापट मारली आणि हात तिथंच ठेवला.

घरी जाताना मात्र त्यानं लिनेटला बाजूला घेतलं. "पोरी, त्या परीक्षकापुढं आईचं सांग. खुशाल सांग. माझं नको."

"का? आईनं तर निळं दिलं."

"निळं दिलेलं चालतं. माणूस चुकतो. पण खजिनदार, हातात झेंड्याचा बांबू, आणि मतच दिलं नाही? हे गावात राहू दे."

"बाबा, माझी जागा यावर आहे. तुमची गोष्ट सगळ्यात चांगली आहे."

"मला माहीत आहे चांगली आहे. म्हणून तर ती लोक सांगत सुटतील." आणि तो पुढं चालायला लागला.

तीन दिवस ती झगडली. बाप वगळला तर गोष्ट लंगडी. बाप घातला तर बाप लंगडा. कामावर चादरी निवडता निवडता तिनं ती गोष्ट दहा तऱ्हांनी सांगून पाहिली. बुधवारी पुन्हा लिहिलेला निबंध पुढं ठेवून पास्कबाईंना विचारलं. बाई सगळं ऐकून आधी खुर्चीत मागं पडून हसल्या, मग शांत झाल्या. "साक्षीदाराला नाव लपवायचा हक्क असतो. लपवलेलं सांगायचं, की लपवलंय. चोरून गाळायचं नाही आणि बदलून रंगवायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. निम्म्या पुस्तकांना एवढंही जमत नाही."

गुरुवारी कॉलेजच्या छोट्या खोलीत परीक्षक आला, डॉक्टर फेन, उंच, बारीक, हाडांवर कोट टांगल्यासारखा. घरच्यांना मागं बसायची मुभा होती. मेव्हिस ताजे केस वळवून आली. क्लिफ लग्नाअंत्यविधीचा एकुलता सूट घालून आला आणि शेवटच्या खुर्चीवर असा बसला, जसा त्याच्यावरच खटला आहे.

विद्यापीठ, पदवी, चाळिशीनंतरचं उरलेलं सगळं आयुष्य त्या अर्ध्या तासात कोंबलेलं. ती उभी राहिली.

"सर, पहिल्या खेपेला मी चुकीचं लिहिलं. आधी ते सांगते. मी दोन हिवाळे एकात शिवले. मी मत देणाऱ्यांना पाच वर्षांपुढचं बघायला लावलं. आणि मी म्हटलं, आमच्याकडे निळं मत नव्हतंच. कारण काय, तर मी तिथं होते. होते मी. पण चौदा वर्षांच्या पोरीला जेवढं दिसतं तेवढंच मला दिसलं. ते थोडंच होतं."

मग ती बोलत गेली. पगाराची मर्यादा, शाळेच्या स्वयंपाकिणी, हिरवं दार, घर विकत घ्यायचं आश्वासन, महागाई, टीव्हीवरचा लिव्हरपूल. प्रत्येक ठिकाणी सांगत गेली, हे कोण म्हणतं, कधी म्हणतं, आणि ते तेव्हा ठाऊक होतं की नंतर चिकटलं. आईचं नाव आलं तेव्हा मेव्हिसनं मान वर केली, लग्नात नाव पुकारल्यासारखी.

"आणि त्याच घरातलं दुसरं मत?" डॉक्टर फेननी विचारलं. "तुमच्या आईच्या पतीचं?"

मागं खुर्ची करकरली.

"त्या घरातून एकच मत पडलं, सर. दुसरं का पडलं नाही याचं कारण मला ठाऊक आहे. साक्षीदार विश्वासाचा आहे, पण त्यानं ते सांगू नये अशी अट घातलीय. म्हणून मी सांगणार नाही, आणि त्यावर माझा कुठलाही मुद्दा उभा केलेला नाही."

मागून खोकला आला. मोठा, खाणवाल्याचा. डॉक्टर फेननी चष्म्यावरून मागं बघितलं. शेवटच्या खुर्चीवरचा म्हातारा छताकडे टक लावून बसला होता, मान बीटासारखी लाल. परीक्षकानं काहीतरी लिहिलं. ओठ आवळून लिहिलं.

"शेवटचा प्रश्न. समजा, त्या दिवशी तुम्ही मतदार असतात. मत कुणाला दिलं असतं?"

लिनेटच्या गळ्यात उत्तर तयार होतं. मजुरांना! हजारदा दिलेलं, संपातल्या वर्षानं कडक केलेलं, खरंखुरं. ते जिभेवर आलं आणि तिनं ते थांबवलं.

"आजचं मत मी लगेच सांगेन, सर, आणि तुम्हाला खिडकी लावून घ्यावी लागेल. पण ती आजची मी. तेव्हाची मी बूट घातलेली एक पोर होते. माझ्या मते जगात एकच चांगली गोष्ट घडली होती, शाळा बंद झाली होती. ज्या सरकारच्या काळात शाळा बंद झाली त्यालाच मी दिलं असतं. परत बंद व्हावी म्हणून."

डॉक्टर फेन हसले. हाडांच्या माणसाला हसू येतं तेव्हा सगळा कोट हलतो. "म्हणजे मत तेच, पण कारण..."

"कारण लाजिरवाणं. पण तेव्हाचं."

त्यांना बाहेर बसवलं. बाकावर तिघं रांगेत, शाळेत मुख्याध्यापकानं उभं केल्यासारखे. मग दार उघडलं आणि पास्कबाई बाहेर आल्या. तोंडावर इस्त्रीचा मागमूस नव्हता. त्या धावतच आल्या आणि लिनेटच्या गळ्यात पडल्या. "झालात! नुसत्या पास नाही, पहिल्या! जागा तुमची!"

लिनेटनं जी आरोळी ठोकली ती खालच्या मजल्यावरच्या शिवणवर्गात ऐकू गेली. मेव्हिस रडत पास्कबाईंचा हात इतका जोरात हलवत होती, की बाईंचं घड्याळ निसटून खाली पडलं. क्लिफनं ते वाकून उचललं, पुसलं, परत दिलं आणि म्हणाला, "तट्टावरून पडला नाहीत ना कधी?"

"पुष्कळदा," बाई म्हणाल्या.

"मग बरं."

बसला वेळ होता. स्टँडसमोरच्या दुकानात तिघांनी मासे आणि बटाटे घेतले, वर व्हिनेगर, कागदातच, आणि भिंतीला टेकून उन्हात उभे राहिले. भर दुपार. रस्त्यावर शाळा सुटलेली पोरं धावत होती. लिनेटच्या बोटांना तेल लागलं होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"पहिल्या वर्षाला काय शिकवणार?" क्लिफनं तोंड भरलेलं असताना विचारलं.

"यादवी युद्ध. राजाचं डोकं उडवलं ते."

"शाबास. त्यात आपण कुणाच्या बाजूनं होतो?"

लिनेटनं तोंड उघडलं, मिटलं, आणि बटाटा चघळत राहिली.

"ठाऊक नाही, बाबा. बघावं लागेल."

क्लिफनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खिशात हात घालत दुकानाच्या खिडकीकडे वळला. "मग बघ तर. अहो, वाटाणे द्या! तीन वाट्या! मोठ्या!"